टाळी कुठे पडते

शायलॉक मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. आख्खं नाटक नव्हतं, शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कोर्टाचा प्रवेश तेवढा बसवला होता. शायलॉक हा व्हेनिसमधला ज्यू सावकार. अँटोनिओ या ख्रिस्ती व्यापाऱ्याने मित्रासाठी त्याच्याकडून कर्ज घेतलेलं असतं, आणि मुदतीत फेडलं नाही तर अंगातलं पौंडभर मांस द्यायचं असा करार असतो. शायलॉक झालेल्या मुलाने दाढी चिकटवली होती, पाठीला पोक काढलं होतं आणि बुटाच्या तळव्यावर सुरी घासत तो उभा होता. वकिलाच्या वेशातली पोर्शिया, म्हणजे त्या मित्राची बायको, म्हणाली, ‘मांस घे, पण रक्ताचा एक थेंब सांडता कामा नये.’ मांडव शिट्ट्यांनी दणाणला. मग शायलॉकची निम्मी मालमत्ता गेली. टाळी. उरलेली निम्मी सरकारजमा व्हायची वेळ आली. टाळी. शेवटी अँटोनिओने अट घातली की याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं, आणि सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली. मीही वाजवली, हात लाल होईपर्यंत.

गेले काही महिने सोलापुरातलं एक हौशी मंडळ हे नाटक मराठीत करायच्या खटपटीत आहे. बाळीवेशीतल्या एका खोलीत रात्री वाचन चालतं, मलाही बोलावतात. तिथे जो वाद झाला तो त्या खोलीपुरता ठेवण्यासारखा नाही. एकांचं म्हणणं, हे नाटक करूच नये, चारशे वर्षांपूर्वीचा ज्यूद्वेष आपण इथे कशाला उकरून काढायचा? दुसरे म्हणतात, करा, पण ‘ज्यू’ शब्द काढा, नुसता सावकार ठेवा आणि ते धर्मांतराचं वाक्य गाळा, उगीच वादंग नको. तिसरे वयाने लहान आहेत. त्यांना शायलॉक पूर्ण निर्दोष हवा आहे, म्हणून त्याच्या तोंडची विषारी वाक्यं त्यांना नको आहेत. मला तिन्ही म्हणणी मान्य नाहीत. नाटक करावं, आणि त्यातली घाण न झाकता करावं.

आमच्या पिढीला हे नाटक शिकवलं गेलं ते हावरट सावकार आणि हुशार बाई यांची गोष्ट म्हणून. तीन हजार डुकाट नाण्यांचं कर्ज, तीन महिन्यांची मुदत, पौंडभर मांसाची अट आणि पोर्शियाचं दयेवरचं भाषण, जे पाठ करून घेतलं जायचं. यात मराठी मनाचं जुनं वळणही आहे. एकोणिसाव्या शतकात या नाटकाचं जे रूपांतर झालं त्याचं नावच ‘स्त्रीन्यायचातुर्य’. नावातच निकाल लागला: न्याय झाला, चातुर्याने झाला, स्त्रीने केला. धर्म कुठेच नाही. आजही बेरड मनाने व्याज वसूल करणाऱ्याला आपल्याकडची वर्तमानपत्रं ‘शायलॉक’ म्हणतात, आणि त्या शब्दामागे कुणाच्या धर्माचा उल्लेख आहे हे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही.

पण कोर्टाचा तो प्रवेश सावकाश वाचून बघा. शायलॉकला नेमका कोणता कायदा बुडवतो? रक्ताच्या थेंबाची युक्ती फक्त अँटोनिओला वाचवते. त्या क्षणी शायलॉक सुरी खाली ठेवतो, मुद्दल मागतो, तेही मिळत नाही म्हणताच निघून जायला वळतो. खटला तिथेच संपायला हवा. पोर्शिया त्याला थांबवते आणि व्हेनिसचं दुसरं कलम काढते: एखाद्या परक्याने नागरिकाच्या जिवावर उठायचा प्रयत्न केला असं सिद्ध झालं, तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारला, आणि त्याचा जीव तिथल्या राज्यकर्त्याच्या, म्हणजे ड्यूकच्या, मर्जीवर. परक्याने. नागरिकाच्या. नागरिक परक्याच्या जिवावर उठला तर काय, याचा नाटकात उच्चारही नाही. शायलॉक व्हेनिसमध्येच राहतो, तिथेच धंदा करतो, त्याची मुलगी तिथेच वाढली. तरी तो परका. याच नाटकात थोडं आधी अँटोनिओ स्वतः सांगतो की परक्यांशी केलेले करार मोडले तर व्हेनिसच्या व्यापाराची पत जाईल, म्हणून ड्यूक कायदा अडवू शकणार नाही. म्हणजे पैशापुरता परका आणि आपला एकाच कायद्यात बसतो. जिवाचा प्रश्न आला की कायदे दोन होतात.

मला वाटतं या नाटकातली सगळ्यात भयंकर जागा ही आहे, आणि आपल्या गॅदरिंगांमध्ये ती सुरीच्या थराराखाली दबून जाते.

त्याच प्रवेशात शायलॉक कोर्टाला एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात विकत घेतलेले गुलाम आहेत, गाढवा-कुत्र्यांसारखे राबवता त्यांना. मी म्हणू का, त्यांना मोकळं करा, तुमच्या पोरींशी त्यांची लग्नं लावा? तुम्ही म्हणाल, गुलाम आमचे आहेत. तसंच हे मांस माझं आहे. यावर ड्यूक उत्तर देत नाही, तो पुढच्या माणसाची चौकशी करतो. दयेवरचं भाषण याच सभेत, यानंतर थोड्या वेळाने होतं. ते ज्यांच्यापुढे होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी गुलाम आहेत.

पोर्शिया आत येते तेव्हा शायलॉकला त्याचं नाव विचारते. तो सांगतो. त्यानंतर ती त्याला बहुतेक वेळा ‘ज्यू’ म्हणूनच हाक मारते. शेवटचा प्रश्नही तसाच, ‘समाधान झालं ना, ज्यू?’ तो म्हणतो, ‘झालं.’ मग म्हणतो, ‘मला जाऊ द्या, बरं वाटत नाही.’ तो जात असताना अँटोनिओचा मित्र ग्राशिआनो मागून ओरडतो की बाप्तिस्म्याला तुला दोन धर्मपिते मिळतील. न्यायाधीश मी असतो तर आणखी दहा दिले असते, तुला फाशीकडे न्यायला. दोन आणि दहा मिळून बारा, म्हणजे ज्युरी, इंग्लंडच्या कोर्टात निकाल देणारे बारा जण. लंडनच्या प्रेक्षकांना हा विनोद लगेच कळला असणार.

धर्मांतर हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं अभ्यासाची, तुलनेची, लोकांशी बोलण्याची होती. ज्या महाराष्ट्राने माणूस स्वतःचा धर्म किती गांभीर्याने निवडू शकतो हे पाहिलंय, त्या महाराष्ट्रात शायलॉकचं धर्मांतर एका ओळीत, शिक्षेचा भाग म्हणून, जीवदानाच्या बदल्यात होतं तेव्हा सभागृहाला धक्का बसायला हवा. आमच्या मंडळातले दुसऱ्या गटाचे लोक हेच वाक्य गाळायला निघाले होते. ते गेलं की पोर्शियाचा विजय स्वच्छ होतो आणि टाळी वाजवणाऱ्याला काहीच टोचत नाही.

धर्म बदलल्यावर तरी परकेपण जातं का, तेही नाटकात आहे. शायलॉकची मुलगी जेसिका बापाचे पैसे-दागिने घेऊन लोरेंझो या ख्रिस्ती तरुणाबरोबर पळते आणि ख्रिस्ती होते. ती पोर्शियाच्या घरी, बेलमाँटला पोचते तेव्हा ग्राशिआनो आपल्या होणाऱ्या बायकोला म्हणतो, त्या परकीची विचारपूस कर. पुढे नोकर लाँसेलट तिची थट्टा करतो: असे सगळे ज्यू ख्रिस्ती व्हायला लागले तर डुकराच्या मांसाचा भाव वाढेल. पाचव्या अंकात चांदणं आहे, संगीत आहे, नवरा-बायकोंमधले अंगठ्यांवरून लाडिक रुसवे आहेत. जेसिका म्हणते, गोड संगीत ऐकलं की मला कधीच आनंद होत नाही. हे तिचं नाटकातलं शेवटचं वाक्य. त्यानंतर ती बराच वेळ रंगमंचावर आहे, पण लेखकाने तिला एकही शब्द दिलेला नाही.

हा द्वेष आला कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण आमच्या वाचनात अनेकांना ते ठाऊक नव्हतं. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाकडून व्याज घेणं पाप मानलं होतं, आणि ज्यूंना जमीन व कारागिरांच्या संघांची दारं बहुतेक ठिकाणी बंद होती. जो धंदा स्वतः करायचा नाही पण ज्याच्यावाचून अडतं, तो त्यांच्या गळ्यात घातला आणि मग त्याच धंद्यासाठी त्यांचा तिरस्कार केला. १५१६ साली व्हेनिसने ज्यूंना एका बेटवजा वस्तीत कोंडलं. रात्री दारं बंद, पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा. ‘घेटो’ हा शब्द जगाला त्या वस्तीने दिला. इंग्लंडने तर १२९० सालीच ज्यूंना हाकलून दिलं होतं आणि १६५६पर्यंत त्यांना उघडपणे राहता येत नव्हतं. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस कधी पाहिलाच नव्हता. पाहिल्याशिवायही द्वेष पुरून उरला. १५९४ साली राणी एलिझाबेथचा वैद्य रॉड्रिगो लोपेझ, ज्यू वंशाचा पण ख्रिस्ती झालेला, राणीवर विषप्रयोगाच्या आरोपाखाली मारला गेला. वधस्तंभावरून तो म्हणाला की राणीवर माझं येशूइतकंच प्रेम आहे, आणि खाली जमलेली गर्दी हसली, असं त्या काळच्या इतिहासकाराने, विल्यम कॅम्डेनने, नोंदवलंय. शायलॉकचं नाटक त्यानंतर दोन-चार वर्षांत आलं. ग्राशिआनोचं हसू त्या गर्दीत आधीच होतं.

आता पहिल्या गटाचा आक्षेप. ते म्हणतात, आपल्याकडे ज्यूद्वेष कधी नव्हताच. खरं आहे, आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. कोकणातले बेने इस्राएली तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते मराठी बोलले, आपल्या धर्मकथांची त्यांनी मराठीत कीर्तनं केली. कुणी त्यांच्यावर दार बंद केलं नाही. पण म्हणून हे नाटक आपलं नाही, असं होत नाही. ते कसं, हे मला वाचनाच्या तिसऱ्या रात्री कळलं.

रूपांतर सोलापूरच्या मातीत आणायचं, अशी चर्चा चालली होती. अँटोनिओ चादरीचा व्यापारी करू, जहाजांऐवजी निर्यातीची ऑर्डर. कुणी तरी म्हणालं, ‘ज्यू म्हटलं की इथं कुणाला काय वाटतच नाय ओ. दुसरं कायतर करा की.’ मग नावं निघाली. एकाने एक जात सांगितली, दुसऱ्याने मारवाडी म्हटलं, आणि मी म्हणालो, पठाण करा, मिलच्या गेटावर पगाराच्या दिवशी वसुलीला उभा राहणारा. अर्ध्या मिनिटात पाच-सहा नावं आली. कुणाला विचार करावा लागला नाही. शायलॉकच्या जागी बसवायला आमच्याकडे माणसांची यादी तयार होती, ओठांवर होती. नंतर चहा आला, तरी कुणी फारसं बोललं नाही. त्या रात्री मी घरी चालत गेलो आणि माझा आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. पठाण करा. किती सहज म्हणालो.

म्हणून ‘ज्यू’ शब्द काढू नये असं मी म्हणतो. तो काढून इथल्या एखाद्या समाजाचं नाव घालणं म्हणजे नाटकाचा कोयता करून कुणाच्या तरी हातात देणं. आणि नुसता ‘सावकार’ ठेवणं म्हणजे खोटं बोलणं, कारण व्हेनिसमध्ये व्याजाचा राग धर्माच्या तोंडाने बोलतो. कर्जाचा राग खरा असतो, त्याला तोंड कुठलं द्यायचं हे माणसं ठरवतात. आपल्याच मुलखात याचं वेगळं उदाहरण आहे. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव पेटला आणि नगर जिल्ह्यातही पसरला. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजर, बाहेरून आलेले, म्हणजे द्वेषाला सगळी सामग्री हाताशी होती. पण लोकांनी मुख्यतः शोधली ती खतं. कर्जाचे कागद बाहेर काढले आणि चौकात जाळले. खतं दिली तर सावकाराला बहुधा हात लावला नाही. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तो पुणे, सातारा, नगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू झाला. मी त्या उठावाला देव्हाऱ्यात बसवत नाही, मारहाण आणि लूट झालीच होती. पण राग कागदावर रोखणं शक्य असतं, एवढं त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या कुणब्यांनी दाखवलं. व्हेनिसच्या सुशिक्षित सभेला ते जमलं नाही. तिने खत फाडल्यावर माणूसही फाडला.

तिसऱ्या गटाची पोरं मला जवळची वाटतात, तरी त्यांचंही ऐकता येणार नाही. शायलॉक संत नाही. अँटोनिओकडे बघून तो स्वतःशी म्हणतो, मी याचा द्वेष करतो कारण हा ख्रिस्ती आहे, आणि त्याहून जास्त यासाठी की हा बिनव्याजी पैसे देऊन माझा भाव पाडतो. तो म्हणतो, तुमच्याशी घेईन, विकेन, बोलेन, चालेन. पण तुमच्याबरोबर जेवणार नाही, पिणार नाही, प्रार्थना करणार नाही. हे वाक्य वाचताना सोलापूरकराला आपलं शहर दिसल्याशिवाय राहणार नाही. इथे सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, रंगणावळ तिसऱ्याची, विक्री चौथ्याची. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एका व्यवहारात मिसळतात. आणि त्याच शहरात, जुळे सोलापूर भागात, भाड्याने घर बघायला जा, भाडं सांगायच्या आधी विचारतात, ‘तुम्ही कोणात?’ घेणं-विकणं चालतं, भिंतीला भिंत चालत नाही. शायलॉकने आपल्या तोंडून ती रेषा मारली आहे, आणि अँटोनिओने त्याच्या दाढीवर थुंकून. दोन्ही दाखवायला हवं. ‘ज्यूला डोळे नसतात का?’ हे जगप्रसिद्ध भाषण आपण माणुसकीचं म्हणून म्हणतो, पण त्याचा शेवट सुडाचा आहे: तुम्ही मला जी दुष्टाई शिकवता, ती मी करून दाखवीन, आणि गुरूपेक्षा सरस करीन. अपमान माणसाला शुद्ध करतो असं या नाटकात कुठे म्हटलेलं नाही. त्याच्यावर थुंकलं गेलं आणि त्याने सुरी परजली, यातली एक बाजू कापली की दुसरी समजत नाही. पोरांनी त्याची वाक्यं गाळली तर प्रेक्षकाला तो आवडेल, पण तो का बिघडला हे कळणार नाही.

करूच नका म्हणणाऱ्यांकडे आणखी एक पुरावा आहे, आणि तो मला कधीच हलका वाटला नाही. १९४३ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये नाझी राजवटीत हे नाटक झालं. वेर्नर क्राउस शायलॉक होता, ज्यूद्वेषाचा पुतळा म्हणूनच उभा केलेला. त्या शहरातले बहुतेक ज्यू तोवर पळून गेले होते किंवा छळछावण्यांकडे पाठवले गेले होते. तेव्हा हे नाटक आपोआप माणुसकी शिकवतं, असं मी म्हणणार नाही. याच नाटकाने मारेकऱ्यांची करमणूक केलेली आहे. पण १८१४ साली लंडनमध्ये एडमंड कीन या नटाने शायलॉकला विदूषकाच्या लाल केसांतून बाहेर काढून दुखावलेला माणूस केला, तेही याच संहितेतून. आणि युद्ध संपल्यावर १९४५ साली बर्लिनचं डॉइचेस थिएटर उघडलं ते जर्मन नाटककार लेसिंगच्या ‘नाथान’ने, ज्यात शहाणा ज्यू व्यापारी सुलतानाला तीन अंगठ्यांची गोष्ट सांगतो. मला ‘नाथान’ फार आवडतं. तरी सोलापुरात आधी शायलॉकच करावा असं वाटतं, कारण ‘नाथान’ बघताना प्रेक्षक पहिल्यापासून चांगल्या माणसाच्या बाजूला बसलेला असतो. शायलॉक बघताना तो ग्राशिआनोच्या शेजारी बसतो, हसतो, आणि मग कुठे तरी त्याला आपलं हसू ऐकू येण्याची शक्यता असते.

ती शक्यता दिग्दर्शकाच्या हातात आहे, भूमिका सांगणाऱ्या प्रास्ताविकात नाही. ‘झालं’ म्हटल्यावर शायलॉकला विंगेपर्यंत जायला वेळ द्या. दिवे लगेच बदलू नका. ‘परका’ आणि ‘नागरिक’ हे शब्द इतके स्पष्ट म्हणा की शेवटच्या रांगेत पोचतील. चौथ्या अंकावर पडदा पाडू नका, पाचवा अंक पूर्ण करा आणि जेसिका त्या चांदण्यात शेवटी गप्पच राहते हे लोकांना बघू द्या.

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात व्हावा, अशी मंडळाची इच्छा आहे. ज्या चौघांच्या नावाने ते नाट्यगृह उभं आहे, त्यांची नावं सोलापूरचं शाळकरी पोरही सांगेल: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मेमधल्या मार्शल लॉनंतर या शहराने त्यांना गमावलं, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. वाचनाच्या त्या तिसऱ्या रात्री आम्ही शायलॉकसाठी जी नावं भराभर सुचवली, त्यातली दोन या चौघांच्या समाजांकडे बोट दाखवणारी होती. दिवसा या चौघांच्या पुतळ्यांवरून आम्ही सगळेच जातो.

सध्या संहिता अखंड ठेवायचं ठरलंय, निदान तालमीपुरतं. ग्राशिआनो करणारा मुलगा पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो, संध्याकाळी सात वाजता धावत येतो. परवा धर्मपित्यांच्या विनोदाशी तो अडखळला. म्हणाला, ‘काका, हे बोलताना घाण वाटतंय ओ. जरा कमी हसू का?’ मी म्हटलं, नाही, लिहिलंय तेवढं सगळं हस, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. त्याने वाक्य पुन्हा घेतलं, मोठ्याने हसला. खोलीत बसलेल्या आम्हा आठ-दहा जणांपैकी दोघं त्याच्याबरोबर हसले, आणि मध्येच थांबले.